ऑपरेशनाआधीचा माईक

डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढलं आणि त्यात पेनाने एक गोळा गिरवला.

"ही गाठ. आणि ही तिच्या मागून जाणारी नस. दोऱ्याएवढी. आवाज हिच्यावर चालतो."

"मग नस बाजूला ठेवून काढा ना," ताई म्हणाली.

"तोच प्रयत्न असतो." डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "बहुतेकांचा आवाज काही दिवसांत पहिल्यासारखा होतो. काहींचा घोगरा राहतो. अगदी थोड्यांचा नुसता वारा उरतो. तुमचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. काम काय करता तुम्ही?"

ताईचा हात गळ्याकडे गेला. शेवटी नवरा म्हणाला, "बोलायचं काम करते."

ते खरंच होतं. बसस्थानकावर फलाटांच्या वर काचेची एक खोली होती. खाली प्रवासी, वर ताई. समोर वाकड्या मानेचा माईक, त्याच्या पायथ्याशी बटण. बटण दाबायचं, घंटेची टुणटुण संपेपर्यंत श्वास धरायचा, मग बोलायचं. प्रत्येक वाक्य दोनदा, कारण पहिल्यांदा लोक फक्त मान वर करतात आणि ऐकतात दुसऱ्यांदा. दर दोन शब्दांनंतर थोडं थांबायचं, कारण पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो. मागचा शब्द विरल्याशिवाय पुढचा सोडला तर सगळी खिचडी होते. चौदा वर्षं ती हेच करत आली होती. ड्रायव्हर-कंडक्टर तिला भोंगाताई म्हणायचे, समोर मात्र नुसतं ताई.

नोकरीचं तिला भय नव्हतं असं नाही. पण आवाज गेला तर पार्सलच्या खिडकीत बसवतील, तिथे न बोलताही भागतं. खरी भीती घरी खुर्चीत बसून मेंडोलिनच्या तारा पुसत होती.

ती म्हणजे तिचे सासरे, नाना. काचबिंदूने त्यांची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली होती. नाना काठी वापरत नसत. "काठी म्हाताऱ्यांसाठी असते," हे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. त्यांना घर दिसायचं ते ताईच्या बोलण्यातून. 'नाना, उजवीकडे कप आहे.' 'नाना, फरशी ओली आहे, थांबा.' 'अहो, ती भिंत आहे, दार इकडे.' नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर पाळी करायचा आणि मुळातच कमी बोलायचा. दिवसभर बोलणारं माणूस एकच.

गेल्या हिवाळ्यात ताईचा घसा तीन दिवस बसला होता. त्या तीन दिवसांत नानांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. भिंतीला पाठ लावून बसले आणि पाऊल वाजलं की विचारत, "कोण आहे?" तिने कितीही फुसफुसत सांगितलं तरी त्यांचा चेहरा सैल होईना. परक्या माणसासोबत कोंडल्यासारखे बसून राहिले. ते तीन दिवस होते. आता कदाचित कायमचं.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत ताईचा हात गळ्यावरच होता. ऑपरेशन पुढच्या मंगळवारी. मधे आठ दिवस.

"आपण आवाज भरून ठेवू," नवरा म्हणाला. "रोजची वाक्यं. फोनवर एकेका बटणाला एकेक वाक्य लावतो. तू बटण दाबायचंस, नानांना तुझा आवाज ऐकू येईल."

इतकं लांब भाषण त्याने लग्नातही केलं नव्हतं. नवरा एवढं बोलतोय म्हणजे तोही घाबरलाय, हे ताईला कळलं.

नानांना काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. ताई दोन-तीन दिवस प्रशिक्षणाला जाणार, एवढंच.

नवऱ्याने दोन दिवस मोबाईलवर माईकचे व्हिडिओ पाहिले, आणि जितकं पाहिलं तितका गोंधळला. एक जण म्हणे हाच घ्या, दुसरा म्हणे हा सोडून काहीही घ्या. शेवटी बुधवारी दोघं दुकानात गेले. दुकानदार पुढे लाऊडस्पीकर विकायचा आणि मागे तेच दुरुस्त करायचा. कानामागे पेन्सिलीऐवजी स्क्रूड्रायव्हर खोचलेला.

"काय रेकॉर्ड करायचंय?"

"बोलणं," ताई म्हणाली. "आणि मेंडोलिन. सासरे वाजवतात, मी गाते. रोज संध्याकाळी एक गाणं. तेही हवंय."

"बोलणं आणि तारा, दोन्ही एकाच माईकवर. आणि स्वस्तात."

"हो."

"मग कुठेतरी थोडं सोसावं लागेल." त्याने काउंटरवर दोन माईक ठेवले. "हा दांडगा. हातात धरा, ओठांपाशी आणा, बोलणं दणदणीत. पण याला लांबचं ऐकू येत नाही, तारांचा नाजूकपणा जाईल. हा दुसरा हलक्या कानाचा. तारेला नखी लागते ना, ती टिचकीसुद्धा पकडतो. सरळ कॉम्प्युटरला जोडायचा. फक्त एक आहे, खोलीतलं सगळंच पकडेल. पंखा, भांडी, शेजाऱ्यांचं भांडण."

"शेजाऱ्यांचं नको," नवरा म्हणाला. "आमचं पुरतं."

दुकानदाराने हलक्या कानाचा माईक जोडून ताईपुढे ठेवला. "बोला काहीतरी."

ताईने मान ताठ केली, श्वास धरला आणि म्हणाली, "प्रवाशांनी. कृपया लक्ष द्यावे. प्रवाशांनी. कृपया लक्ष द्यावे."

वायर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने चटकन आपली पिशवी उचलली. सगळे हसले, ताईसुद्धा. माईक घेऊन ते घरी आले.

आतल्या खोलीत नवऱ्याने खिडकीला रजई लावली, दाराला चादर, कपाटाची दारं उघडून आतले कपडे बाहेर लोंबते ठेवले. कपड्यांमुळे खोलीतला घुमारा मरतो, हे व्हिडिओत निदान सगळ्यांनी सारखंच सांगितलं होतं. पंखा बंद. ताईने वहीत तीस वाक्यं लिहून काढली होती. शेवटचं वाक्य होतं, 'नाना, मी आहे.' ते लिहिताना पेन दोनदा अडखळलं होतं.

तिने माईक उचलून ओठांसमोर आडवा धरला, स्थानकावरच्यासारखा, आणि वाचायला लागली. ऐकून पाहिलं तर आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला.

"माईक खराब आहे," ती म्हणाली. "नाहीतर माझाच आत्ताच गेलाय."

नवऱ्याने सोबतचा कागद भिंगाने वाचला. माईकचा कान शेंड्यावर नव्हता, कुशीत होता, कंपनीचं चिन्ह होतं त्या बाजूला. तो उभा ठेवून कुशीसमोर बोलायचं. ताई चौदा वर्षं माईकच्या शेंड्याशी बोलत आली होती, तिला वाटलंच नाही की माईकला कूस असते. माईक उभा केला. आता आवाज काचेसारखा स्वच्छ आला. ताईच्या जिवात जीव आला. तिने तीसही वाक्यं एका दमात म्हटली.

गुरुवारी दुपारी नाना खुर्चीत बसले होते. नवऱ्याने फोन त्यांच्या मागे धरला आणि बटण दाबलं. ताई दारात उभी होती.

"नाना. फरशी ओली आहे. नाना. फरशी ओली आहे."

"रेडिओ लावलास का रे?" नानांनी विचारलं.

नवऱ्याने दुसरं बटण दाबलं. "नाना. मी आहे. नाना. मी आहे."

नानांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले. "कोण ही बाई? माझं नाव कशी घेते? सूनबाई कुठाय? अगं, कोण आलंय घरात?"

ताईने तोंडावर हात दाबला. नवरा घाईघाईने म्हणाला, "काही नाही नाना, जाहिरात लागली." ऑपरेशन व्हायचंय, नस शाबूत आहे, आवाज स्वच्छ आहे, आणि तरीही तो नानांना तिचा वाटला नाही.

त्या दिवशी आणि शुक्रवारी तिने पुन्हापुन्हा प्रयत्न केला. माईक समोर आला की मान ताठ व्हायची, श्वास धरला जायचा, वाक्य आपोआप दोनदा निघायचं. नवऱ्याने सांगितलं, "एकदाच म्हण." एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा म्हणायचं राहिलं म्हणून जीभ वळवळायची. तो म्हणाला, "घरच्यासारखं बोल."

"घरच्यासारखं म्हणजे कसं?" ती खेकसली.

"हे आत्ता बोललीस तसं!"

पण ते भरून घ्यायला यंत्र चालू नव्हतं. चालू केलं की पुन्हा फलाट क्रमांक तीन. त्यात तिला खोकला यायला लागला. गाठ आतून दाबत होती. प्रत्येक खोकल्याबरोबर तिला वाटायचं, आपण आवाज भरून ठेवत नाही आहोत, उधळतोय. शिल्लक थोडाच आहे आणि तोही चुकीच्या जागी जातोय. मग ती गप्प बसायची. गप्प बसली की नाना बाहेरून हाक मारायचे, "अगं, आहेस ना?" मग तिला बोलावंच लागायचं.

शनिवारी दोघं माईक घेऊन परत दुकानात.

"हा बदलून द्या. यात मी मी वाटत नाही."

दुकानदाराने रेकॉर्डिंग कानाला लावून ऐकलं. "माईक चोख आहे. बाई चोख नाही." मग तिचा चेहरा पाहून त्याने सूर बदलला. "काय झालंय, ताई?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. दुकानदाराने कानामागचा स्क्रूड्रायव्हर काढून उगाच काउंटरवर फिरवला. मग खणातून नखाएवढा एक माईक काढला, काळ्या वायरीच्या टोकाला, मागे चिमटा. "कॉलरला लावायचा. फोनला जोडतो. दुकानातला सगळ्यात स्वस्त. तुमच्या आधीच्या माईकपुढे हा काहीच नाही, खरं सांगतो. लावून बघा."

ताईने कॉलरला चिमटा लावला, हनुवटी खाली करून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाना. चहा ठेवलाय. नाना. चहा ठेवलाय."

"झालं," दुकानदार म्हणाला. "तुम्हांला माईक दिसला की तुमची ड्युटी सुरू होते. यावर माझ्याकडे औषध नाही. तुमच्या अंगावर माईक नकोच. दुसऱ्या कुणाच्या लावा. हा समोर-मागे बघत नाही, चहूबाजूंनी सारखंच ऐकतो. माणूस बसल्या जागी ऐकतं ना, तसंच."

ताई चिमट्याकडे बघत राहिली. बसल्या जागी चहूबाजूंनी ऐकणारं माणूस घरात एकच होतं. मेंडोलिन तर त्याच्याच छातीशी असायचं. पण त्या कॉलरला चिमटा लावायचा तर सांगावं लागणार होतं.

रविवारी सकाळी तिने नानांसमोर स्टूल ओढलं.

"नाना, तुमच्या कॉलरला एक चिमटा लावायचाय."

"का गं, वाळत घालतेस की काय मला?"

ती हसली आणि हसता हसता हुंदका आला. नाना एकदम ताठ झाले.

"काय झालं? खरं सांग. प्रशिक्षण म्हणे! चौदा वर्षं बोलणाऱ्या बाईला कोण बोलायला शिकवणार आहे? खोलीला चादरी लावता, दार लावून कुजबुजता, परवा कुठलीशी बाई घरात आली होती तिला जाहिरात म्हणता." त्यांचा आवाज चिरकला. "मला कुठे ठेवायचं ठरवताय तुम्ही? ती बाई तिथली होती ना?"

ताई थक्क झाली. म्हणजे हे चार दिवस नानाही रोज भीत होते, आणि तेही एकटेच.

"नाही हो नाना! काहीतरीच काय!" आणि तिने सगळं सांगितलं. गाठ, नस, दोऱ्याएवढी, घोगरा किंवा वारा. ती बाई कोण होती, तेही.

नानांचा अंगठा मांडीवरच्या मेंडोलिनच्या खालच्या तारांवरून आवाज न करता सरकत राहिला.

"ती तू होतीस?"

"हो."

"मला कळलं नाही?"

"नाही."

"मग त्यापेक्षा मला ठेवून आला असतात तर परवडलं असतं," नाना म्हणाले. "अगं, तू बोलशील आणि मी विचारीन कोण. रोज. तुला कसं वाटेल ते?"

ताईला नेमकं तेच वाटत होतं.

"दारावर टकटक केलं तर?" नवऱ्याने चाचरत सुचवलं. "दोनदा टकटक म्हणजे ती."

"टकटक सुतारांनी करावी," नाना म्हणाले आणि कॉलर पुढे केली. "लाव तुझा चिमटा."

दोन दिवस नाना कॉलरला माईक आणि खिशात फोन घेऊन घरात फिरले. पहिला तासभर ताई जपून बोलली. मग नाना मुद्दाम की चुकून, देव जाणे, मोरीकडे जायचं तर थेट कपाटाकडे निघाले आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो नाना, तिकडे कुठे! कपाट आहे ते! डावीकडे व्हा, डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे!" नवऱ्याने नंतर ऐकलं आणि न बोलता तिला अंगठा दाखवला. मागे भांडी वाजत होती, नानांच्या शर्टाची खसखस होती, लांबून येणारं बोलणं थोडं पातळ होतं. पण ती तीच होती. वहीतल्या तिसांपैकी एकही वाक्य जसंच्या तसं आलं नाही. नवऱ्याने जे आलं त्यातूनच चाळीस तुकडे कापले.

गाणं सोमवारी भरलं. मेंडोलिन माईकच्या फार जवळ, त्यामुळे तारा मोठ्या आणि ताई मागे. दुसऱ्या कडव्यात नाना चुकले, ताई थांबली नाही, तिला थांबायचं धाडस होईना. गाणं संपल्यावर कुणीच 'पुन्हा घेऊ' म्हटलं नाही.

मंगळवारी सकाळी नाना दारापर्यंत आले. "बोल," म्हणाले.

"काय बोलू?"

"बस, एवढंच ऐकायचं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

ऑपरेशन चार तास चाललं. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी 'आ' म्हणायला सांगितलं. घशातून काहीतरी निघालं, कुणीतरी जड पेटी फरशीवरून ओढल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली नाही, ताण बसलाय, आता वाट बघायची. किती, ते त्यांनाही सांगता येईना. तीन दिवस ताईने तोंड उघडलं नाही. उघडलं तर काय निघेल याची भीती, आणि न उघडावं तर तेही तिथेच गंजेल याची.

शुक्रवारी दुपारी ती घरी आली. तीन दिवस नानांजवळ असलेला फोन नवऱ्याने रिक्षातच तिच्या हातात दिला होता. चाळीस बटणं, प्रत्येकावर दोन शब्द. नवऱ्याने दाराची कडी काढली. कडीचा आवाज ऐकून नाना आतून लगबगीने निघाले, हात पुढे करून. आणि नवऱ्याने सकाळी घाईत फरशी पुसून बादली चौकटीतच ठेवली होती.

ताईने फोन पाहिला. कपाट, कप, पायरी, दार, औषध. बोट वरखाली धावलं. बादलीचं बटण कुठे आहे? बादली होती की नव्हती? नाना दोन पावलांवर आले.

"नाना, बादली!"

तो आवाज तिचा तिलाच परका वाटला. जाडा, खालचा, फाटका. एखाद्या पुरुषाने दुखत्या घशाने बोलावं तसा.

नाना जागच्या जागी थांबले. एक हात भिंतीवर गेला. चेहरा ओळखीने उजळला नाही. त्यांनी मान तिरपी करून कान पुढे केला, जशी माणसं अनोळखी दारावर करतात.

"परत बोल," नाना म्हणाले.

"बादली."

"बादली कळली मला. दुसरं काही."

"नाना, मी आहे."

ते ऐकत राहिले. नवरा पुढे झाला, तिच्या हातातल्या फोनकडे त्याने बोट केलं, त्यातलं तिचं बोलणं लावायला. नानांना ते कसं कळलं कोण जाणे, त्यांनी हाताने हवेतच त्याला अडवलं.

"ते नको. ते मी तीन दिवस ऐकतोय. त्याने हा आवाज कळणार नाही." मग ताईच्या दिशेने म्हणाले, "खाली गेलाय गं. बराच खाली गेलाय."

"वर येईल का?" तिने विचारलं. एवढ्या तीन शब्दांना दोनदा श्वास घ्यावा लागला.

"मला काय विचारतेस? मी काय डॉक्टर आहे?" ते चिडून म्हणाले. नवऱ्याने बादली उचलली. नाना भिंत धरत खुर्चीपर्यंत गेले, बसले, मेंडोलिन मांडीवर घेतलं. पहिल्या दोन तारांच्या खुंट्या चाचपल्या आणि त्या सैल करायला लागले. तार कण्हली आणि उतरली.

"बोलत राहा," नाना म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. एरवी तुझं तोंड बंद कुठे असतं?"

ती स्टुलावर बसली. प्रत्येक शब्द शेवटचा ठरेल असं वाटत होतं, तरी ती दवाखान्याचं सांगायला लागली. शेजारच्या खाटेवरची बाई कशी घोरायची, नर्सबाई तिला कशी रागवायची. मधेच आवाज नुसता वारा होऊन जायचा, ती घाबरून गळा धरायची, मग पुन्हा कुठून तरी फाटका धागा सापडायचा. नानांनी तार छेडली, मान हलवून नाही म्हटलं आणि खुंटी आणखी थोडी फिरवली. आठ तारांपैकी दोनच उतरल्या होत्या. त्या इतक्या सैल झाल्या होत्या की सुराऐवजी नुसत्या थरथरत होत्या.

"अजून," नाना म्हणाले. "थांबू नकोस. अजून तुझा सूर नीट सापडला नाही."